तारीख पुढे गेली ते बरे झाले
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कुणा विदुषीचे व्याख्यान ठेवावे, असा आपल्या मंडळाचा जुना परिपाठ आहे. यंदा तो मोडून चिटणीसबाईंनी मला उभे केले. मी कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही हल्ली कुणाचा हात न धरता जिना चढून वर येता. ते कसे जमले, एवढेच सांगा." तेव्हा हे व्याख्यान नव्हे. एका बाईने दुसऱ्या बायांना सांगितलेली ही आपबीती आहे, असे समजून ऐकावे.

समोर पाहते तो निम्म्याजणी खुर्च्यांवर बसल्या आहेत; आणि ज्या सतरंजीवर बसल्या आहेत, त्यांतल्या काहींना उठताना शेजारणीचा खांदा लागणार आहे. म्हणजे गुडघ्यांचा हा विषय काही माझ्या एकटीचा नाही. आपण सर्रास "वाट्या बदलल्या" म्हणतो. प्रत्यक्षात वाटी बहुधा जागच्या जागी राहते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातूचे आवरण बसवतात आणि दोहोंच्या मध्ये कठीण प्लॅस्टिकची चकती ठेवतात. हे काम दीडदोन तासांचे. ते सर्जनचे, त्या वेळी आपण भुलेच्या अमलाखाली असतो. त्याविषयी मी काय बोलणार? मी बोलणार आहे ती त्याआधीच्या तीन महिन्यांविषयी. ते तीन महिने मात्र सर्वस्वी आपले असतात.

माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मार्च २०२३ मध्ये ठरली होती. मे महिन्यात पुतण्याचे लग्न होते, आणि त्या लग्नात आपण अक्षता टाकायला ताठ उभे राहायचे, हा माझा हट्ट होता. सारे ठरले. सूनबाईने रजा मंजूर करून घेतली, आमच्या ह्यांनी बँकेत पैशांची तजवीज केली, बहीण मदतीला येणार होती. आणि तपासण्यांचे कागद हाती येताच सर्जन म्हणाले, "आत्ता करता येणार नाही. तीन महिन्यांची साखर ९.२ आहे, हिमोग्लोबिन ९.८. हे दोन्ही ताळ्यावर आणून या."

मैत्रिणींनो, मी तीस वर्षे शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या. नापास झालेल्या मुलाला काय वाटते, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्या दिवशी कळले. मला राग आला. वाटले, हाडांच्या दुखण्याशी साखरेचा काय संबंध? पाय दुखतो माझा, आणि हे रक्त कसले पाहत बसले आहेत! घरी येऊन दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

माझा राग उतरवला तो डॉक्टरांनी नव्हे, रुग्णालयातल्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईने. पुढच्या खेपेला मी कागद घेऊन बसले होते. ती माझ्याच वयाची, चांगल्या घरची, हातात काठी. मी सहज विचारले, "झाली का तुमची?" ती म्हणाली, "झाली होती ताई. आता काढायची आहे." तिचा नवा सांधा बसवून वर्ष होत आले होते, आणि आत पू झाला होता. सगळा सांधा काढायचा, हाड धुऊन काढायचे, औषध मिसळलेले सिमेंट तात्पुरते भरायचे, कित्येक आठवडे जंतुनाशके घ्यायची, आणि सारे निवळले तर काही महिन्यांनी पुन्हा नवा सांधा. जंतू कुठून आले, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येत नव्हते. तिचा एक दात वर्षभर ठणकत होता, पायांना भेगा होत्या, साखर वाढलेली होती. तिने मला एकच प्रश्न विचारला, "तुमची तारीख पुढे ढकलली म्हणता; माझी कुणी का नाही ढकलली?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण घरी जाताना रिक्षात माझा राग कुठल्या कुठे गेला होता.

मग मी खोदून खोदून विचारू लागले, मिळेल ते वाचू लागले. आपल्या मांसाला जखम झाली, तर रक्त तिथे धाव घेते आणि जंतूंशी लढते. पण धातूला रक्तपुरवठा नाही. त्याच्यावर जंतू एकदा चिकटले, की ते स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात आणि त्या थराआड औषध पोहोचत नाही. म्हणून एरवी आठ दिवसांच्या गोळ्यांनी बरा होणारा पू इथे सांधाच घेऊन बसतो. ज्या सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडात राइटिंग्टनच्या रुग्णालयात आजच्या पद्धतीचा कृत्रिम खुबा बसवला, त्यांनाही आरंभी याच शत्रूने छळले. त्यांनी शस्त्रक्रियेच्या जागेतली हवा गाळून घेण्याची व्यवस्था केली, सर्जनचे अंगरखे बदलले, आणि शंभरात सातआठ रोग्यांना होणारा पू एकाच्या आसपास आणला. आजही चांगल्या ठिकाणी हे प्रमाण शंभरात एखाददुसरे असते. हवा गाळण्याचे काम रुग्णालय करते. पण आपण आपल्या अंगातून जे बरोबर घेऊन जातो, ते कोण गाळणार? ते आपल्यालाच गाळावे लागते.

आता माझ्या नापासाच्या विषयांकडे वळते.

पहिला विषय साखर. आपण काय करतो? उद्या रक्त द्यायचे असले, की आज रात्री भात सोडतो, गोड सोडतो आणि आकडा चांगला आला म्हणून पेढा खातो! तीन महिन्यांच्या साखरेला ही लबाडी चालत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि तेवढ्या दिवसांत रक्तात जी साखर फिरली तिचा जमाखर्च त्यांच्यावर चिकटून राहतो. आदल्या रात्री पाठांतर करून पास होण्याची ही परीक्षा नव्हे. हा आकडा साडेसात ते आठच्या आत असावा, असे पुष्कळ सर्जन म्हणतात; नेमकी रेघ प्रत्येकाची थोडी वेगळी. साखर चढलेली असली, की जखम उशिरा भरते आणि जंतूंचे फावते. माझी साखर कशाने वाढते, हे शोधायला मी आठ दिवस खाल्लेले सारे वहीत लिहिले. तेव्हा कळले, की गोड मी खातच नव्हते; पण चतुर्थीला आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर केळे असा माझा उपास चाले! उपास सोडा असे मी म्हणत नाही. मी भगर थोडी, दही आणि शेंगदाणे यांवर आले, गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून बांधून घेतल्या, आणि जेवणानंतर खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवू लागले. एकदम उपाशी राहून साखर पाडणे मात्र फार धोक्याचे. तसे कुणी करू नये.

दुसरा विषय रक्त. या शस्त्रक्रियेत रक्त जाते आणि त्यानंतर हिमोग्लोबिन सहज दोनतीन अंकांनी उतरते. ज्या बाईचे मुळात नऊ आहे, तिच्यापाशी उतरायला उरते किती? मग बाहेरचे रक्त द्यावे लागते, चक्कर येते, चालणे लांबते. म्हणून ते आधी बारातेरापर्यंत आणतात. "बायकांचे रक्त कमीच असते" हे वाक्य आपण इतके ऐकले आहे, की आपल्याला तो आजार वाटतच नाही. रक्त कमी का झाले, हे शोधणेही जरूर आहे. लोह कमी आहे की बी-१२, मूळव्याधीतून जाते आहे की आणखी कुठून. दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्याने पोटातून थोडे थोडे रक्त झिरपते, तेही कारण असू शकते. माझे लोह कमी निघाले. गोळ्या मी पूर्वीही घेत होते, पण सकाळच्या चहाबरोबर! चहा लोह अंगी लागू देत नाही, हे मला कुणी सांगितले नव्हते, आणि मीही कुणाला विचारले नव्हते. चहा आणि गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवले, गोळीबरोबर लिंबाचे पाणी घेतले आणि आकडा हलू लागला. काहींना पोटातल्या गोळीने भागत नाही. त्यांना शिरेतून लोह देतात.

तिसरा विषय वजन. यावर आपण हसतो आणि विषय बदलतो. दीड मीटर उंचीच्या बाईचे वजन ९० किलो झाले, की डॉक्टरांच्या हिशेबाचा आकडा ४० होतो, आणि त्यापुढे जखमेचा, गाठींचा आणि भुलेचा धोका वाढतो. पण गुडघा दुखतो म्हणून चालणे नाही, आणि चालणे नाही म्हणून वजन, असा हा चरक आहे. माझे सहा किलोच उतरले. पण एक किलो उतरले, की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तेव्हा सहा किलो म्हणजे काही थोडे नव्हेत. आणि एक सावधगिरी. वजन उतरवायचे म्हणून नुसत्या काकडीवर राहू नये. जाड बाईसुद्धा आतून कुपोषित असू शकते. जखम भरते ती प्रथिनांवर. डाळ, उसळ, दही, पनीर, आणि चालत असेल त्या घरी अंडी, मासे. आपण वरणाचे पाणी वाढून घेतो आणि डाळ पोरांना देतो. त्या तीन महिन्यांत तरी घट्ट वरण आपल्या ताटात वाढून घ्यावे.

चौथा विषय माझा नव्हता, पण मी बोलणार आहे, रागावू नका. तो मिशरीचा. विडी-सिगारेट पुरुषांनी सोडावी, हे आपण तावातावाने सांगतो, आणि सकाळी मोरीशी बसून बोटावर मिशरी घेतो. ती भाजलेली तंबाखूच आहे. तंबाखूतले निकोटिन रक्तवाहिन्या आकसून टाकते आणि जखमेला रक्त पोहोचू देत नाही, मग ती धुरातून जावो की हिरड्यांतून. शस्त्रक्रियेआधी निदान चार ते सहा आठवडे ती सुटलेली असावी. डॉक्टर विचारतात, "तंबाखू?" आपण म्हणतो, "छे छे!" कारण बरोबर सून उभी असते. हे "छे छे" फार महागात पडते.

याशिवाय लहानसहान वाटणाऱ्या गोष्टी. किडका दात, हिरडीतला पू आधी दाखवून घ्यावा. लघवीला जळजळ, वरचेवर जावे लागणे, बारीक ताप हे सांगावे. काही त्रास नसताना नुसते लघवीत जंतू सापडले, तर त्यावर बहुधा औषध लागत नाही. ते डॉक्टर ठरवतील. टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्यांतले चिखल्या, नखाशी आलेली सूज हे दरवाजे आहेत. ते बंद करून जावे. मी दोन महिने रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून तेल लावीत असे. पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक बारीक कापते आणि तिथेच जंतू घर करतात. लागले तर रुग्णालयातच मशीनने काढतात. काही ठिकाणी नाकातले जंतू तपासून मलम देतात आणि आदल्या दिवशी जंतुनाशक द्रवाने आंघोळ घालायला सांगतात. ते सोवळे मात्र निमूटपणे पाळावे! आणि गुडघ्यात नुकतेच स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर तेही सांगावे. त्यानंतर साधारण तीन महिने शस्त्रक्रिया करीत नाहीत.

आता जी गोष्ट सांगायला मी खरी उभी राहिले आहे, तिच्याकडे येते. ती आजवर मी माझ्या घराबाहेर सांगितलेली नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावले होते. वय तिशीपस्तिशीचे. त्यांनी आधीच निरोप दिला होता, "काकू, घरात जी जी औषधे घेता ती सगळी एका पिशवीत घालून आणा. चिठ्ठी नको, पिशवी आणा." मी रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची औषधे काढून मांडली. त्यांनी एकेक पाकीट पाहिले आणि विचारले, "एवढीच?" मी म्हणाले, "एवढीच." त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. चेहरा वर्षभरात गोल झाला होता. बाकी सगळे म्हणत, तब्येत सुधारली. त्या हलकेच म्हणाल्या, "काकू, गुडघ्यासाठी आणखी काही पुडीबिडी? मी कुणाला बोलणार नाही. पण तुमचा श्वास त्या दिवशी माझ्या हातात असणार आहे. मला माहीत नसेल, तर मी तो कसा सांभाळू?"

मैत्रिणींनो, मी दीड वर्ष एक पुडी घेत होते. एका ओळखीच्यांनी आणून दिलेली, वर नाव नाही, गाव नाही. पहिल्या पुडीने तिसऱ्या दिवशी दुखणे गेले, मी मंगळागौरीला फुगडी घातली, आणि वाटले, हे तर अमृत! घरात कुणाला सांगितले नाही, कारण हे रागावले असते. सर्जनना सांगितले नाही, कारण ते हसले असते. त्या दिवशी पर्सच्या आतल्या कप्प्यातून ती पुडी काढून मी टेबलावर ठेवली, आणि शिक्षा झालेल्या मुलीसारखी खाली मान घालून बसले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. अशा निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. माझ्या पुडीत काय होते ते कुणी तपासले नाही. पण सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य फार कमी निघाले, आणि तेवढ्यावरून त्यांनी ओळखले. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी हे द्रव्य तयार करतात. बाहेरून तसलेच औषध येऊ लागले, की त्या काम सोडून देतात. घरी आयता डबा येऊ लागला की चूल विझते, तसे. एरवी निभावून जाते. पण शस्त्रक्रियेसारखा मोठा घाव बसला, की शरीर त्या द्रव्याची एकदम मागणी करते. चूल विझलेली असली तर रक्तदाब कोसळतो, आणि भूल देणाऱ्याला तो का कोसळला हेच कळत नाही. माझी साखर न उतरण्याचे एक कारणही तीच पुडी असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भीतीने मी ती त्या दिवसापासून एकदम बंद केली असती, तरीही धोका होता. फिजिशियननी तिच्याऐवजी माहीत असलेल्या औषधाची मोजकी गोळी दिली, ती आठवड्या-आठवड्याने उतरवली, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी आवश्यक ते इंजेक्शन आधीच देऊन ठेवले. सांगितले म्हणून हा धोका हातात आला. न सांगता मार्चमध्येच मी त्या टेबलावर झोपले असते, तर काय झाले असते, याचा विचार मी रात्री कधीकधी करते.

म्हणून माझे एकच सांगणे आहे. आकडे डॉक्टर पाहतात. पण जे आपण लपवतो ते कुठल्याच यंत्रात दिसेल असे नाही. आणि आपण बायका फार लपवतो. कुणाला त्रास नको म्हणून, कुणी हसेल म्हणून, खर्च वाढेल म्हणून. हृदयात स्प्रिंग बसवलेली बाई रक्त पातळ करणारी गोळी शस्त्रक्रियेसाठी आपल्याच मनाने बंद करते, तर दुसरी ती घेत असल्याचे सांगतच नाही. दोन्ही वाईट, ती कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचे. संधिवाताच्या गोळ्या-इंजेक्शनांचेही तसेच. काही चालू ठेवतात, काहींचा एखादा डोस चुकवतात. लघवीवाटे साखर टाकणाऱ्या ज्या नव्या गोळ्या आहेत, त्या तीनचार दिवस आधी थांबवाव्या लागतात. वजनासाठी वा साखरेसाठी आठवड्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे पोट सावकाश रिकामे होते. भूल देणाऱ्यांना ते ठाऊक हवे. पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली असेल, तेही सांगावे. घरगुती काढे, चूर्णे यांचीही नावे सांगावीत. आणि घोरणे! आपण घोरतो हे कोणती बाई कबूल करील? पण झोपेत श्वास अडत असेल, तर भुलेनंतर आणि दुखण्याच्या औषधांनी तो आणखी अडतो. माझ्या बाबतीत ती साक्ष ह्यांनी मोठ्या उत्साहाने दिली.

मे महिन्यात लग्न झाले. मी अक्षता खुर्चीत बसून टाकल्या. वाईट वाटले, नाही असे नाही. दोघीतिघींनी विचारलेही, "अजून नाही का केलीत?" पण त्या तीनचार महिन्यांत मी रिकामी बसले नव्हते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, मांडी आवळायची, दहा आकडे मोजायचे आणि सोडायची, असे रोज करीत होते. मांडीचा स्नायू आधी बळकट असला, तर नंतरचे चालणे लवकर सुटते. घरातही फेरफार केले. संडासात उंच भांडे बसवले, भिंतीला धरायची दांडी लावली, पायात अडकणारी पायपुसणी आणि वायरी उचलल्या, हात असलेली उंच खुर्ची आणली, रात्रीच्या वाटेवर लहान दिवा लावला. पडून हाड मोडले तर नव्या सांध्याचे काय कौतुक?

सप्टेंबर २०२३ मध्ये माझी साखर ७.३ आणि हिमोग्लोबिन १२.१ झाले, आणि शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावले टाकली. दुखले, फार दुखले. ते दुखणे मी लपवले नाही. दिवाळीत अंगणात रांगोळी मात्र काढता आली नाही. सूनबाईने काढली, मी उभी राहून चुका दाखवल्या.

एक दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे बोलणे एकांगी होईल. तयारी करा म्हणजे आयुष्यभर तयारीच करीत राहा, असे नव्हे. काही घरांत "आता वय झाले, कशाला हात लावायचा" म्हणून बाईला कोपऱ्यात बसवून ठेवतात. वय एकटे काही आडवे येत नाही. त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईत ऑक्टोबर २००० मध्ये झाली, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते; पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा गुडघाही झाला. वय बदलता येत नाही, पण साखर, रक्त, तंबाखू, दात हे बदलता येते. जे बदलता येते ते बदलावे. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "कोणता आकडा कुठे आला म्हणजे कराल? पुन्हा केव्हा तपासायचे?" नुसते "नंतर या" एवढ्यावर उठू नये. आणि काही आकडे कितीही केले तरी पुरते उतरत नाहीत. मग धोका किती, फायदा किती, हे डॉक्टरांशी बसून तोलावे, आणि त्या तोलण्यात घरच्यांबरोबर आपलाही आवाज असावा. गुडघा आपला आहे.

आता मंडळाला एक विनंती करून मी बसते. आपल्या मंडळाच्या कपाटात हळदीकुंकवाची तबके आहेत, भोंडल्याचा पाट आहे, कोजागरीचे मोठे पातेले आहे. त्याच कपाटाशेजारी एक वॉकर, एक काठी आणि एक कमोडची खुर्ची ठेवावी. या वस्तू दोनतीन महिने लागतात आणि मग माळ्यावर पडतात. गरजेच्या घरी त्या फिरत राहाव्यात. माझा वॉकर मी आज बरोबर आणला आहे, तो दाराशी उभा आहे. चिटणीसबाईंनी त्याची नोंद वहीत करून घ्यावी. आणि ज्या मैत्रिणीची तारीख ठरली असेल, तिच्याबरोबर आपल्यापैकी एकीने डॉक्टरांकडे जावे. सुनेसमोर, नवऱ्यासमोर जे बोलवत नाही ते कधीकधी मैत्रिणीसमोर बोलवते. कुणाला हवी असेल तर मी येईन. फक्त येताना औषधांची पिशवी बरोबर घ्या, आणि पर्सचा आतला कप्पाही उघडून पाहा.